निपाणीतली भरती-ओहोटी

आमच्या घरात सगळ्याला तंबाखूचा वास होता. भाकरीला, अंथरुणाला, माझ्या शाळेच्या वह्यांना. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. वखारीतली धूळ त्यांच्या छातीत बसली आणि मी हायस्कूलला जायच्या आत ते घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. आडवं झालं की खोकल्याची उबळ यायची, म्हणून भिंतीला टेकूनच झोपायचे. मग घर आईच्या बोटांवर चाललं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू. हंगामात शेतावर तंबाखू खुडायलाही जायची. मी आणि धाकटी बहीण शाळेतून आलो की विड्यांना दोरा बांधायला बसायचो. कारखान्यात चेकर विड्या तपासायचा आणि काही बाजूला टाकायचा. त्या नापास विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत आणि विड्याही परत मिळायच्या नाहीत. आम्ही दोघी बहिणी आमच्या शाळेच्या निकालापेक्षा त्या निकालाला जास्त भ्यायचो.

मी कॉलेजला गेले ती या घरातून. कुणी पाठवलं नाही, कुणी अडवलंही नाही. कॉलेज गावातच होतं, बसचा खर्च नव्हता, आणि सायन्सला गेलं की दुपारभर प्रॅक्टिकल असतं हे आईला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग दोरा कोन बांधनार?" दोरा मी पहाटे बांधत गेले.

त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला एक सर होते. गावात त्यांना समुद्रवाले सर म्हणायचे. निपाणीपासून समुद्र घाट उतरून पार पलीकडे, आणि सरांचं सगळं आयुष्य त्या समुद्राच्या कडेला उगवणाऱ्या झाडांत गेलेलं. खारफुटी. चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी समुद्र फक्त मोबाईलवर बघितलेला.

पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "भरती म्हणजे काय?"

मागच्या बाकावरच्या एका पोरानं उभं राहून सांगितलं, "बेळगावला असतीय सर. उंची बघत्यात, छाती बघत्यात आन् पळवत्यात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हो, तीही भरतीच. पण त्यात एकदा बाहेर काढलं की परत आत घेत नाहीत. समुद्राचं तसं नाही." आणि फळ्यावर चंद्र काढायला लागले. त्यांचा हा स्वभाव होता. थट्टा त्यांना थट्टा म्हणून कळायचीच नाही. प्रत्येक गोष्ट त्यांना प्रश्न वाटायची आणि प्रश्न आला की ते उत्तर द्यायचे.

शिक्षक म्हणून ते चांगले होते का, हे मला आज स्वतः शिकवायला लागल्यावरही ठरवता येत नाही. आमच्या अभ्यासक्रमात खारफुटीला जेमतेम एक पान होतं. त्या पानावर सर दिवाळीपर्यंत थांबायचे. मग जाग यायची आणि प्रकाशसंश्लेषण एका दुपारी उरकायचे. पोरं तक्रार करायची. प्राचार्य बोलावून समज द्यायचे. सर "हौद, हौद" म्हणून, म्हणजे कानडीत "हो, हो" करत, मान डोलवायचे. घरात त्यांचं बोलणं कानडी, वर्गात मराठी, आणि अडचणीत सापडले की कानडी. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन पुन्हा चिखलात शिरायचे.

ते जैन होते. चिकोडीकडचं तंबाखूच्या व्यापाराचं घराणं, दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण-बटाटा-मुळा सगळं वर्ज्य. जमिनीखालचं काही खायचं नाही आणि डोक्यात मात्र आठवडाभर मुळंच. यावरून गावात कोणी छेडलं तर सांगायचे, "खायची नाहीत. बघायला कुठं मनाई आहे?" प्रॅक्टिकलला कुणाला झाड उपटू द्यायचे नाहीत. पडलेलं पान, पडलेलं फूल, पडलेली फांदी. आमच्या कॉलेजचे वनस्पतींचे नमुने त्यामुळे सगळे थोडे किडके होते.

पण गावात ते प्रसिद्ध होते ते त्यांच्या गच्चीमुळे. गच्चीवर त्यांनी निळी प्लॅस्टिकची पिंपं आडवी कापून त्यात चिखल भरला होता आणि चिखलात तिवर आणि कांदळ, अशी दोन जातींची खारफुटी लावली होती. कांदळ लहान होता. तिवर मात्र माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, जुना होता, आणि सरांचा खरा जीव त्या एका झाडावर होता. चिखल कारवारहून आणलेला. पाणी कधी कारवारच्या बसच्या ड्रायव्हरनं, जो त्यांचा जुना विद्यार्थी होता, कॅनमधून आणलेलं, कधी बाजारातलं खडेमीठ कालवून केलेलं. वाण्याला बरेच दिवस वाटत होतं की सरांच्या घरी लोणच्याचा धंदा आहे. वर एका स्टँडवर पाण्याचं पिंप, खाली झाडाचं पिंप, मध्ये नळी आणि दोन तोट्या. वरची तोटी सोडली की भरती. खालची सोडली की ओहोटी. आणि ही भरती-ओहोटी सर मनाला येईल तेव्हा करत नसत. कारवारच्या बंदराला ज्या वेळी पाणी चढतं त्या वेळी निपाणीत गच्चीवर चढायचं. समुद्राची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, तशी सरांचीही सरकायची. म्हणून सर कुठल्या दिवशी किती वाजता कुठून उठून जातील याचा नेम नसायचा. चालू तासातून जायचे. प्राचार्यांच्या मीटिंगमधून जायचे. पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी उठले. भावानं दारात अडवलं तर म्हणाले, "मुहूर्त तुमचे उपाध्ये काढतात. माझा चंद्र काढतो." भावाचं आणि त्यांचं पुढं बराच काळ बोलणं नव्हतं. रात्रीची भरती तेवढी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, बंद करायला लावली होती. लग्न टिकवायचं असेल तर समुद्रानं रात्री झोपावं, असं त्या आम्हा पोरींना सांगायच्या.

एकदा मी विचारलं होतं, "सर, कारवारला किती वाजता पाणी चढलं हे गच्चीवरल्या झाडाला कुठं कळतंय?"

"झाडाला नाही कळत," सर म्हणाले. "मला कळायला पाहिजे."

हे वेड कुठून लागलं याबद्दल गावात दोन-तीन कथा होत्या. कुणी म्हणायचं, तरुणपणी सर कारवारच्या एका पोरीच्या नादी लागले होते. कुणी म्हणायचं, घरच्या तंबाखूच्या व्यापारात मन नव्हतं म्हणून हे ढोंग. मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्यात आणि प्राध्यापकांत तेव्हा अंतर असायचं, आणि मी तर हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून दुसऱ्या पोरींपासूनही जरा लांब बसायची.

त्या वासामुळेच सरांनी मला ओळखलं. दुसऱ्या वर्षाला ते खाऱ्या पाण्याचं शिकवत होते. विचारलं, आपल्या भागात कुठल्या पिकाला खारं पाणी चालत नाही? मी म्हटलं, तंबाखूला. का? मी म्हटलं, खाऱ्या पाण्यावरचं पान धड जळत नाही, विडी मधेच विझते. हे मला पुस्तकातनं नव्हे, आईच्या शिव्यांतनं माहीत होतं. सर इतके खूष झाले की त्यांनी फळ्यावर एका बाजूला तंबाखू आणि एका बाजूला तिवर लिहिला आणि पूर्ण तास त्या दोघांची तुलना केली. तिवर मीठ आत घेतो आणि पानातून बाहेर टाकतो. पान चाटून बघा, खारट लागतं. आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकेक पडलेलं पान चाटलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ही झाडं गोड्या पाण्यावरही वाढतात. मीठ त्यांना लागत नाही, फक्त सोसतं.

"मग चिखलात कशाला जात्यात सर?" त्याच भरतीवाल्या पोरानं विचारलं.

"गोड्या पाण्याजवळ आधीच दुसऱ्यांची गर्दी. तिथं याला कोण उभं राहू देतंय?"

त्या दिवसापासून मी सरांची विद्यार्थिनी झाले. गच्चीवर पाणी चढवायला, मिठाचं प्रमाण बघायला मला बोलवायचे. आई म्हणायची, दुसऱ्याच्या घरी एवढं काय काम असतंय? पण काकू घरात असायच्या, म्हणून चालवून घ्यायची.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावला ठरलं. सर आठवडाभर तिकडं राहणार होते. भरती-ओहोटी त्यांनी माझ्यावर सोपवली. गच्चीचा जिना बाहेरून होता, घराला कुलूप. मोकळ्या घराच्या गच्चीवर पोरगी एकटी जाणार हे आईला पटेना. ती म्हणाली, मी येते संगं. आली आणि पिंपाशेजारी टेकली.

माझ्या आईला रिकामं बसता येत नाही. आयुष्यभर बोटं हलवून पोट भरलेलं. गप्पा मारतानाही ती पदराचा धागा काढत असते. दोन-तीन दिवस तिनं कसंबसं बसून काढले. मग एके दिवशी मी वरच्या पिंपाशी मोबाईलवर वेळ बघत होते आणि ती तिवराच्या पिंपाशी होती. तिनं बघितलं, झाडाच्या बुडाभोवती सगळ्या चिखलातून बोटभर उंचीचे सरळ कोंब वर आलेत. दाट, पेन्सिली रोवल्यासारखे. आता निपाणीच्या बाईला यात काय दिसणार? तंबाखूच्या रोपाला बुडातून, बगलेतून फुटवे येतात. ते ठेवले तर ताकद खातात, पान पोसत नाही. म्हणून शेंडा खुडायचा आणि फुटवे मोडायचे. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या शेतात तेच करत आलेली. तिनं बसल्या बसल्या सगळे मोडले. एकही ठेवला नाही. नीट गोळा करून गच्चीच्या कडेला ढीग घातला.

मी वळून बघितलं तर ती हात धूत होती. म्हणाली, "तुज्या मास्तराला खुडनी म्हाईत न्हाय वाटतं. बुडात केवडं फुटवं वाढवून ठिवल्यात. म्हनून झाड असं किरकिरं ऱ्हायलंय."

ते फुटवे नव्हते. ती मुळं होती. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर मुळं वर काढतो आणि त्यातून श्वास घेतो. मी आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसला नाही. मुळं कधी वर येत्यात व्हय, म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प झाली. सर यायच्या दिवशी मी म्हटलं, मी सांगते सरांना. ती म्हणाली, मोडलंय मी, तू काय सांगनार.

सर पिंपाशी गुडघ्यावर बसले. बराच वेळ चिखलावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, कुणी?

"म्या काढल्यात," आई म्हणाली. "फुटवं वाटलं."

मला वाटलं, आता ओरडतील. सरांनी कडेच्या ढिगातून एक वाळलेलं मूळ उचललं, दाढीच्या ब्लेडनं आडवं कापलं आणि खिशातलं भिंग आईच्या हातात दिलं. आत सगळं पोकळ, स्पंजासारखं, भोकाभोकांचं. "आक्का, हे बघा. हे झाडाचं नाक."

आईनं भिंगातून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

"मग म्या नाकं कापली म्हना की."

"हो," सर म्हणाले.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असू दे आक्का, तुम्हाला काय माहीत. सरांना असलं काही सुचायचंच नाही. आईनं विचारलं, मरंल का? ते म्हणाले, बहुतेक मरेल. आणि मग पुढं म्हणाले की पाणी काढून ठेवलं तर चिखलाला वरून वारं लागेल, तेवढ्यावर तग धरला तर धरला.

त्या दिवशी निपाणीतली भरती बंद झाली. सर महिनोन्महिने वेळेवर तासाला बसायला लागले आणि प्राचार्यांना वाटलं, समज दिल्याचा उपयोग झाला.

आई मात्र रोज गच्चीवर जायला लागली. विड्या कारखान्यात घालून परत येताना तिची वाट सरांच्या दारावरून जात नव्हती, तरी ती तिकडून यायची. चिखल फार वाळून भेगाळता कामा नये आणि फार ओलाही राहता कामा नये, असं सरांनी सांगितलं होतं. ते तिनं सांभाळलं. झाडाची पानं पिवळी पडून गळत होती. ती रोज झाडायची आणि सरांना सांगायची, आज लई गळली. सर म्हणायचे, गळणारच. काकू डोळ्याला हिरवी पट्टी लावून बाहेर येऊन बसायच्या आणि आईशी बोलायच्या. आईला आधी वाटायचं, ही मोठ्या घरची बाई, आपल्याशी काय बोलणार. पण काकूंना नवऱ्याबद्दल तक्रार ऐकायला माणूस हवं होतं आणि आईला तक्रारी ऐकायची सवय होती.

थंडी पडायला लागल्यावर चिखलातून नवी टोकं वर आली. आईनं आधी बघितली. घरी येऊन आप्पांना सांगितलं, "नाकं आली." आप्पांना काय कळलं कुणास ठाऊक, ते म्हणाले, बरं झालं.

माझा प्रश्न या सगळ्याच्या मध्येच उभा राहिला होता. कारवारला सागरी जीवशास्त्राचं एम.एस्सी. होतं. ते मी करावं असं सरांनी मला कधी सांगितलं नाही. ते ठरलेलंच आहे असं धरून एक दिवस म्हणाले, "तू कारवारला असशील तेव्हा सुट्टीला येताना मोकळा कॅन ने. पाण्याची माझी सोय होईल." मी घरी हे सांगितलं आणि आईनं सूप खाली ठेवलं.

तिचं म्हणणं साधं होतं. बी.एस्सी. झाली की पुरे. गडहिंग्लजकडचं एक स्थळ सांगून आलेलं. मुलगा सोसायटीत कामाला, घरची जमीन, हुंडा नको म्हणणारी माणसं. असं स्थळ विडीवालीच्या पोरीला पुन्हा येणार नाही. आणि तिकडं, जिथं आपलं कुत्रं ओळखीचं नाही, तिथं पोरगी दोन वर्षं एकटी राहायची म्हणजे काय? मी भांडले. दोन दिवस जेवले नाही, त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण आमच्या घरात एक माणूस न जेवल्यानं फारसा फरक पडायचा नाही. आप्पा भिंतीला टेकून एवढंच म्हणाले की तिला काय पायजे त्ये इचारा. आई म्हणाली, इचारून काय करू, तिला जायाचंच हाय. स्थळाकडच्यांना उत्तर द्यायला तिनं शिमग्यापर्यंतची मुदत घेतली. तेवढ्यात मी ऐकेन असं तिला वाटत होतं.

शिमग्याआधी आमची अभ्याससहल कारवारला निघाली. सरांनी आईला सांगितलं, आक्का, तुम्ही चला, झाड आपल्या जागेवर कसं असतं ते बघा. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती लुगडं घडी करून, भाकऱ्या बांधून पहाटे बसपाशी उभी. पोरांची थट्टा चालू झाली की पालक सभा आता बसमध्येच. लोंढ्याला चहाला थांबलो तेव्हा आई सगळ्या पोरींना एकेक भाकरी वाटत होती आणि घाट उतरून खारं वारं लागेपर्यंत ती सगळ्यांची मावशी झाली होती.

काळी नदी समुद्राला मिळते तिथं ओहोटीच्या वेळी आम्ही चिखलात उतरलो. दूरपर्यंत तिवरच तिवर, आणि त्यांच्या खाली चिखलातून वर आलेली मुळं. लाखोंनी असतील. आई काठावर पदर खोचून उभी होती. म्हणाली, "आगं बाई. हे कोन खुडनार?" पोरं हसून हसून चिखलात बसली. सर पुढं चाललेले, पाय रुतून एक चप्पल गेली तरी मागं वळले नाहीत. कुजकट वास येत होता. सर सांगत होते की हा वास चिखलात हवा नसल्याचा, आणि याच चिखलात पानं कुजतात, ती खेकडे खातात, माशांची पिल्लं या मुळांच्या जाळीत लपून वाढतात. वादळात ही झाडं आधी लाट अंगावर घेतात.

मग कांदळ आला. कमानीसारखी मुळं चिखलात रोवून उभा, आणि फांद्यांना हिरव्या लांब शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. सर म्हणाले, या शेंगा नाहीत, ही रोपं आहेत. कांदळ नुसतं बी टाकत नाही. बी झाडावरच रुजतं, आईच्या अंगावर रोप होतं, उभं राहण्याएवढं झालं की खाली पडतं. जागा मिळाली तर तिथंच रुततं, नाही तर पाण्यावरून वाहत जातं.

"झाडाचं बरं हाय," आई म्हणाली. "त्याच्या पोरीला बगायला कोन येत न्हाय."

सगळे हसले. सर थांबून गंभीरपणे म्हणाले, "येतात की आक्का. खेकडे येतात. बरीचशी खाऊन टाकतात."

दुपारी पोरं जेवायला बसली आणि आई दिसेना. मी शोधायला गेले तर ती विद्यार्थिनींच्या वसतिगृहात शिरलेली. सोबत काकू नव्हत्या, ओळख नव्हती, पण तिला कानडी येतं आणि भीड येत नाही. तिनं मेट्रनबाईंना गाठून खोल्या उघडायला लावल्या होत्या. दाराच्या कड्या आतून लावून बघितल्या. न्हाणीघराची कडी सैल होती ती दाखवून, दुरुस्त करून घ्या म्हणून सांगितलं. जेवणात काय असतं, पाणी कुठून येतं, पोरी आजारी पडल्या तर कोण नेतं, सगळं विचारलं. मेट्रनबाईंना वाटलं, प्रवेश झालेला आहे. आईनं त्यांचा समज दुरुस्त केला नाही, पण मला काही सांगितलंही नाही.

संध्याकाळी बस सुटायच्या आधी सर लवकर जेवण उरकून खाडीच्या काठावर उभे होते. पाणी चढायला लागलं होतं. आई त्यांच्याजवळ गेली. मी मागंच होते.

"सर, एक इचारते. खरं सांगा. हिला हितं ठिवली तर टिकंल का?"

सर पाण्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील की हुशार आहे, नाव काढेल. शिक्षक असंच म्हणतात.

"पहिलं वर्ष वाईट जातं, आक्का," ते म्हणाले. मग आईच्या गावरान मराठीत बोलले, जिच्यात ते वर्गात कधी बोलत नसत. "माझं काय इचारू नका. मी बी आलतो हितं. एम.एस्सी.नंतर, संशोधनाला. टिकलो न्हाय. पैल्या वर्साला सणाला म्हनून घरी गेलतो, त्यो परत आलोच न्हाय."

आईनं विचारलं, का?

"हितं कोन ओळखीचं न्हवतं. भाषा निराळी, जेवान निराळं. घरनं कोन बघायला येत न्हवतं. त्यांना वाटायचं, पोरगं वखार सोडून चिखलात गेलंय. मलाबी मग तसंच वाटाय लागलं."

"कोनच आलं न्हाय?"

"न्हाय."

पाणी आमच्या पायांपर्यंत आलं तशी आम्ही मागं सरलो. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बसच्या पायरीवर पाय ठेवताना ती मागं वळून सरांना म्हणाली, "मग पैलं वरीस मी येते. दर म्हैन्याला."

सरांनी मान हलवली आणि तिला सांगितलं की यायचं तर अमावस्येच्या आसपास यावं, तेव्हा ओहोटी मोठी असते, चिखलात लांबपर्यंत जाता येतं.

गडहिंग्लजच्या लोकांना आईनं स्वतः जाऊन नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाली, पोरगी शिकायची हाय अजून. दोरा बांधायला धाकटी पुढं झाली, आणि पुढं तिनंही कॉलेजात नाव घातलं.

पहिलं वर्ष सर म्हणाले होते तसंच गेलं. मला कोकणी कळायची नाही, भात-आमटी गोड लागायची नाही, आणि वर्गातल्या काही पोरी तंबाखूचं गाव म्हणून नाक मुरडायच्या. आई दर महिन्याला आली. निपाणीहून बेळगाव, बेळगावहून कारवार, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. खोलीत बसायची, माझे चिखलाचे कपडे धुवायची, मेट्रनशी कानडीत भांडायची आणि सकाळच्या गाडीनं परत. मला टिकून राहा असं ती कधी म्हणाली नाही. दुसऱ्या वर्षी तिनं येणं बंद केलं, कारण गरज नाही असं तिनं ठरवलं.

सर निवृत्त झाले. गच्चीवरचं सगळं चालू आहे असं काकू फोनवर सांगतात, आणि त्यांच्या आवाजात अजून तीच तक्रार असते. एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी सरांना पहिला फोन केला. मी वर्गात दुसरी आले होते. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि विचारलं, यंदा काळी नदीवर तिवराला फुलं कधी आली?

मी सागरी जीवशास्त्राची एम.एस्सी. पुरी केली. त्यानंतर खारफुटीच्या मुळांवर संशोधन केलं, तेही पुरं केलं, आणि आता खाडीकाठच्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.